टेक्सासची कढई आणि आपले सोवळे

१४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेने मेक्सिकोहून येणाऱ्या ताज्या टोमॅटोंवर सतरा टक्क्यांहून किंचित अधिक असा आयातकर लागू केला. त्याच वर्षी मेक्सिकोतील जिवंत जनावरे अमेरिकेत आणण्यासही, जनावरांच्या जखमांत वाढणाऱ्या एका मांसभक्षक अळीच्या भीतीने, बंदी घालण्यात आली. त्याआधी, वर्षारंभी १ जानेवारीस, अमेरिकेतील गोधनाची जी गणती झाली तीत ते १९५१ नंतरच्या सर्वांत कमी संख्येवर येऊन ठेपल्याचे आढळले होते. या तिन्ही बातम्या वृत्तपत्रांच्या व्यापारविषयक पानांवर आल्या, आणि त्या पानांवरील बातम्यांचे जे होते तेच त्यांचेही झाले. व्यापाऱ्यांनी त्या वाचल्या, इतरांनी पान उलटले. परंतु सॅन अँटोनिओ किंवा ह्यूस्टन येथील एखाद्या कामकरी गृहिणीने त्या एकत्र वाचल्या असतील, तर तिच्या डोळ्यांपुढे आकडे उभे राहिले नसतील. तिला दिसली असेल ती संध्याकाळी सहा वाजता चुलीवर चढणारी आपली कढई. टोमॅटो, खिमा, मिरची आणि चीज या चार वस्तूंनी ती कढई भरते. सरहद्दीवर काय चालले आहे याची पहिली खबर तेथे राजदूताच्या आधी वाण्याच्या बिलावरून लागते.

या कढईत जे शिजते त्याला तिकडे 'टेक्स-मेक्स पास्ता' म्हणतात. टेक्सास आणि मेक्सिको या दोन नावांची ही जोडी आहे. १८७५ साली सनद मिळालेल्या टेक्सास-मेक्सिकन रेल्वेच्या नावाचा तो संक्षेप असून पुढे तो माणसांना, गाण्यांना आणि शेवटी अन्नाला चिकटला. पास्ता मूळचा इटलीचा. म्हणजे गव्हाच्या घट्ट पिठाच्या नळ्या, शंख, मळसूत्रे. नाव ऐकून कोणास वाटेल की ही काही हॉटेलातील नवलाई असावी. प्रत्यक्षात हे अगदी घरगुती, रोजचे, पाहुण्यांपुढे सहसा न मांडले जाणारे जेवण आहे. नोकरीवरून परतल्यावर अर्ध्या तासात चार माणसांची पोटे भरावीत आणि मागे घासावयास एकच भांडे उरावे, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा.

कृती थोडक्यात अशी. पसरट, जड बुडाच्या कढईत चमचाभर तेलावर एक मोठा कांदा व दोन-तीन लसणीच्या पाकळ्या परतावयाच्या. त्यात सुमारे ४५० ग्रॅम खिमा घालून त्याचा कच्चेपणा जाईपर्यंत भाजावयाचा. मग तिखटाची मिश्र पूड, जिऱ्याची पूड आणि ओरेगॅनो नावाची, साधारण ओव्याच्या गंधाची वाळली पाने. त्यावर हिरव्या मिरच्या घातलेल्या टोमॅटोंचा एक डबा, शिजलेल्या काळ्या घेवड्याचा एक डबा, मूठभर मक्याचे दाणे, २२५ ग्रॅम कोरडा आखूड पास्ता आणि सुमारे ६०० मिलिलिटर पाणी. उकळी फुटली की आच मंद करून झाकण ठेवावयाचे व बारा ते पंधरा मिनिटांत दोन-तीन वेळा बुडापासून ढवळावयाचे. पास्ता मऊ झाला की कढई खाली उतरवून वर १०० ग्रॅम किसलेले चीज पसरावयाचे व पुन्हा दोन मिनिटे झाकावयाचे. कोथिंबीर आणि लिंबू ज्याच्या त्याच्या आवडीने. ज्यांस मांस वर्ज्य आहे ते खिमा गाळून घेवड्याचे प्रमाण दुप्पट करतात, आणि पदार्थाचे काही बिघडत नाही.

यातील खुबी पाण्याच्या मापात आहे. इटालियन रीतीने पास्ता करावयाचा तर तो भरपूर खारट पाण्यात उकडून गाळतात आणि रस्सा निराळ्या भांड्यात करतात. येथे पाणी मोजून घातलेले असल्यामुळे गाळावयास काही उरतच नाही. पास्त्यातून सुटणारी पिठूळ कांजी त्याच पाण्यात राहते, उष्णतेने फुगते आणि टोमॅटोच्या रसाला दाटपणा आणते. रस्सा वेगळा करावा लागत नाही, तो आपोआप होतो. चीज आचेवर न घालता उतरल्यावर घालावयाचे, कारण कढत आचेवर त्यातील तूप सुटून ते दोरखंडासारखे होते. आणि घेवडा आधी शिजलेलाच हवा, कारण टोमॅटोच्या आंबटपणात कच्चा दाणा लवकर मऊ होत नाही. डाळ शिजल्याखेरीज तीत चिंच-आमसूल घालू नये, हे आपल्या घरांत नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते. नियम तोच आहे.

किंबहुना ही सगळी युक्तीच आपणांस नवी वाटू नये. उकळत्या आमटीत कणकेच्या लाटलेल्या वड्या सोडून त्या त्यातच शिजू द्यावयाच्या, म्हणजे आमटी आपोआप दाट होते आणि पोळी-भाजीचा खटाटोप वाचतो. याला आपण वरणफळे म्हणतो, कोणी चकोल्या म्हणतात. वडोदऱ्याच्या मराठी घरांत शेजारच्या दाळ-ढोकळीशी त्यांची इतकी सरमिसळ झाली आहे की कोणती कोठे संपते हे सांगणे कठीण. शेवया तुपावर तांबूस भाजून मोजक्या पाण्यात मोकळ्या शिजविणे हेही आपले जुनेच. मेक्सिकोत आणि टेक्सासमधील मेक्सिकन घरांत नेमके हेच करतात. बारीक शेवया तेलात भाजून टोमॅटोच्या पाण्यात शिजवतात व त्यास 'फिदेओ' म्हणतात. हा शब्द स्पेनने अरबांकडून घेतला आणि समुद्रापार नेला. तेव्हा टेक्स-मेक्स पास्ता ही एखाद्या कंपनीने काल-परवा काढलेली क्लृप्ती आहे, असे समजण्याचे कारण नाही. भाजलेल्या शेवयांची ती दूरची नात आहे.

तिचे आजोळ समजून घेण्यास थोडा इतिहास पाहावा लागतो. टेक्सास १८२१ पर्यंत स्पेनच्या ताब्यात होते, नंतर मेक्सिकोच्या. १८३६ साली ते मेक्सिकोपासून फुटले, १८४५ साली अमेरिकेत सामील झाले आणि १८४८ च्या तहाने रिओ ग्रांद नदी ही सरहद्द ठरली. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या स्पॅनिश-भाषी कुटुंबांनी कोठलीही सरहद्द ओलांडली नव्हती. ती आपल्या अंगणातच होती, सरहद्द मात्र त्यांच्या डोक्यावरून पुढे सरकली. १९५६ ची राज्यपुनर्रचना आणि १९६० चे मुंबई राज्याचे विभाजन ज्या इंदूर-ग्वाल्हेरच्या, वडोदऱ्याच्या, बेळगावच्या मराठी घराण्यांनी पाहिले, त्यांना हे वाक्य फोड करून सांगावयास नको. ज्यांची भाषा एका राज्याची आणि शिधापत्रिका दुसऱ्या राज्याची, त्यांच्या स्वयंपाकघरात काय काय एकत्र शिजते, हे त्यांनाच ठाऊक असते.

टेक्सासच्या कढईतही असेच थरावर थर चढले. १७३१ साली कानारी बेटांवरून काही कुटुंबे सॅन अँटोनिओत येऊन वसली. टेक्सासच्या रश्शांत मेक्सिकोच्या मानाने जिऱ्याचा जो सढळ हात दिसतो तो त्यांच्यामुळे, असे मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या शहराच्या चौकांत मेक्सिकन स्त्रिया संध्याकाळी कंदील लावून, लाकडी मेजे मांडून तिखट मांसरस विकीत. लोक त्यांना 'चिली क्वीन्स' म्हणजे मिरचीराण्या म्हणत. शिपाई, गाडीवान, प्रवासी, सारे त्यांच्याकडे जेवीत. १८९० च्या दशकात विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने जवळच्याच न्यू ब्राउनफेल्स गावी वाळलेल्या मिरच्या, जिरे वगैरे दळून त्यांची तयार पूड बाजारात आणली. त्या राण्यांच्या हाताची चव आता बाटलीत मिळू लागली. पुढे १९३७ च्या सुमारास आरोग्याच्या कारणास्तव त्यांच्या मेजांवर बंदी आली आणि काही वर्षांत ती कायमची उठली. त्याच टेक्सासने १९७७ साली 'चिली कोन कार्ने', म्हणजे मिरचीतले मांस, हा आपला राज्य-पदार्थ म्हणून जाहीर केला. चव राजमान्य झाली. जिने ती घडविली तिला त्याआधी चाळीस वर्षे चौकातून उठविलेले होते.

१९४० च्या दशकात टेक्सासच्या एल्सा गावी कार्ल रॉटेल याने हिरव्या मिरच्यांसह टोमॅटो डबाबंद करण्यास प्रारंभ केला. लोकांना त्याचे आडनाव उच्चारता येईना, म्हणून डब्यावर 'रो-टेल' असे सुटसुटीत नाव छापले. त्याच सुमारास अमेरिकेच्या शेतांत मेक्सिकोहून करारावर मजूर आणण्याची 'ब्रासेरो' योजना १९४२ साली सुरू झाली व १९६४ पर्यंत चालली. डबा उघडण्यास अर्धे मिनिट लागते. त्यामागे वाकून तोडणी करणाऱ्या माणसांचे दिवस गेलेले असतात. १९७१ साली जनरल मिल्स या कंपनीने 'हॅम्बर्गर हेल्पर' नावाची खोकी विकावयास काढली. आत कोरडा पास्ता आणि मसाल्याची पुडी. घरी फक्त खिमा आणि पाणी घालून एका कढईत शिजवावयाचे. मांस महाग होत चालले होते आणि थोड्या खिम्यात घरदार जेववावयाचे होते. २०१३ साली मार्था स्टुअर्ट यांच्या मासिकाने कच्चा पास्ता व टोमॅटो एकाच भांड्यात शिजविण्याची कृती छापली आणि ती जगभर गेली. टेक्सासच्या गृहिणीने या साऱ्यांतून आपल्याला हवे तेवढे उचलले. आजचा हा पदार्थ त्याचे फळ आहे.

आता या पदार्थावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला शुद्धतेचा. डायना केनेडी या विदुषीने १९७२ साली 'द क्विझीन्स ऑफ मेक्सिको' हा मोठ्या योग्यतेचा ग्रंथ लिहिला. मेक्सिकोच्या खेड्यापाड्यांतील अस्सल स्वयंपाक निराळा आणि अमेरिकेत त्या नावाने पिवळ्या चीजखाली दडपून वाढतात तो निराळा, असा भेद तीत त्यांनी स्पष्ट केला. मेक्सिकोच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. त्याचा परिणाम मात्र असा झाला की टेक्सासमधील मेक्सिकन घराण्यांचे स्वतःचे, शंभर-दीडशे वर्षे रुळलेले अन्न एकाएकी 'नकली' ठरले. मूळ देश म्हणतो, हे आमचे नव्हे. नवा देश म्हणतो, हे परदेशी.

हा अनुभव आपल्या परिचयाचा आहे. इंदुरी मराठी माणूस पोह्यांवर जिरावण आणि शेव पेरून शेजारी जिलबी ठेवतो, तेव्हा पुण्याचा पाहुणा भुवया उंचावतो. मराठी बोलण्यातील माळवी हेल ऐकूनही त्या तशाच उंचावतात. पण शिंदे-होळकर-गायकवाडांबरोबर जी घराणी अठराव्या शतकात इकडे आली, त्यांनी येथल्या दुष्काळ-सुकाळात येथलेच धान्य खाल्ले. त्यांच्या ताटात बाफले आले, भुट्ट्याचा कीस आला. आणि हा भुट्टा तरी कोठला? मका मेक्सिकोचा, मिरची तिकडचीच, टोमॅटोही त्याच खंडातला. पोर्तुगीज जहाजे येण्यापूर्वी आपल्या ठेच्यात मिरची नव्हती. ज्या ठेच्यावर आपण मराठी बाण्याची शपथ घेतो तो चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या एका परदेशी आयातीवर उभा आहे. ही वाहतूक एकतर्फीही राहिली नाही. वर्ध्याकडचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे देशाबाहेर पडून १९२० च्या दशकात मेक्सिकोत स्थिरावले, चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी शिकविले आणि मक्याच्या सुधारित जातींवर काम केले. तेथील शेतकऱ्यांच्या मुक्त कृषिशाळांशी त्यांचे नाव जोडलेले आहे, आणि दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण-मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगविले. १९६७ साली नागपुरास त्यांचे देहावसान झाले. मेक्सिकोच्या मक्याला एका वऱ्हाडी हाताचा स्पर्श झालेला असताना अस्सल आणि नकलीच्या भिंती किती उंच बांधावयाच्या, याचा विचार व्हावा.

दुसरा आक्षेप आळसाचा. एका कढईत सगळे कोंबून झाकण घातले, याला स्वयंपाक म्हणावयाचे काय? आपल्याकडील वडीलधारी मंडळी हे विशेष तोऱ्याने विचारतात, कारण अनेक घराण्यांची मुले-नातवंडे आज ऑस्टिन, डॅलस, ह्यूस्टन येथे आहेत आणि दूरध्वनीवर 'आज काय केलेस?' या प्रश्नाला हेच उत्तर येते. येथे जरा थांबून आकडे पाहणे इष्ट. अमेरिकेत अठरा वर्षांखालील मुले असलेल्या आयांपैकी १९७५ साली निम्म्याहून किंचित कमी स्त्रिया नोकरी-व्यवसायात होत्या. आता हे प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या आसपास आहे. दिवस चोवीस तासांचाच राहिला. २०१८ च्या सरकारी पाहणीत, कोणत्याही सामान्य दिवशी स्वयंपाक व त्यानंतरची आवराआवर करणाऱ्या स्त्रिया शंभरात सुमारे सत्तर आणि पुरुष निम्म्याहून कमी असे दिसले. म्हणजे कचेरी दोघांची आणि कढई बहुधा तिची. अशा स्त्रीने अर्ध्या तासात जेवण उरकले तर तिला आळशी म्हणणारा न्यायाधीश कोणत्या खुर्चीवर बसला आहे, हेही पाहिले पाहिजे.

आपल्या जुन्या वाड्यांतील चौरस ताटाची आठवण काढून आपण गहिवरतो. दोन भाज्या, कोशिंबीर, आमटी, चटणी, पोळी, भात, आणि सणासुदीला पुरण. ते ताट खरेच सुंदर होते. ते कोण रांधीत असे? पुष्कळ घरांत त्या सोवळ्यातील स्वयंपाकाचा भार एखाद्या विधवा आत्यावर किंवा काकूवर असे. पहाटे ओलेत्याने चुलीपाशी बसलेली ती बाई दुपारी सर्वांची पंगत उठल्यावर जेवीत असे, आणि तिच्या वेळेचा हिशेब घराच्या कोणत्याही वहीत नसे. भांडी घासावयास मोलकरीण असे. म्हणून 'एकाच भांड्यात होते' हा गुण आहे, असे आपणांस कधी वाटलेच नाही. भांडी किती पडली याचा विचार ज्याला ती घासावी लागतात त्यालाच सुचतो. अमेरिकेतील मध्यमवर्गीय घरात ना आत्या, ना मोलकरीण. तेथे भांड्यांचा हिशेब घरच्यांनाच द्यावा लागतो, म्हणून तो कृतीच्या नावातच येऊन बसला. आपल्या ताटाची समृद्धी आणि त्यांच्या कढईचा आटोपशीरपणा यांत रुचीचा फरक आहे, हे खरे. त्याहून मोठा फरक आहे तो मागे राबणाऱ्या हातांच्या संख्येचा.

सोयीच्या पदार्थांनी आणि यंत्रांनी स्त्रीचा भार आपोआप हलका होतो, अशीही समजूत करून घेऊ नये. रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' हे पुस्तक लिहिले. त्यात एक मार्मिक निरीक्षण आहे. उघड्या चुलाणावर पूर्वी एकाच हंड्यात सर्वांचे कालवण शिजे. लोखंडी शेगडी आली, सरपण कमी लागू लागले, आणि लाकडे फोडण्याचे पुरुषांचे व मुलग्यांचे काम घटले. परंतु शेगडीवर एकाच वेळी तीन-चार पदार्थ करता येतात म्हटल्यावर ते अपेक्षितही झाले, आणि बाईचे काम वाढले. सोय झाली ती एकाची, कष्ट वाढले ते दुसरीचे. आज अमेरिका पुन्हा एका भांड्याकडे वळते आहे. दीडशे वर्षांत वाढत गेलेल्या या अपेक्षा गृहिणीने खाली उतरवावयास घेतल्या आहेत, असाच याचा अर्थ. पेग ब्रॅकन या लेखिकेने १९६० सालीच 'द आय हेट टू कुक बुक' या नावाचे पाकपुस्तक काढून आपणांस स्वयंपाकाचा कंटाळा येतो, हे उघड सांगून टाकले होते. ते पुस्तक अफाट खपले. त्या खपाचे कारण पाककृतींत जेवढे होते तेवढेच त्या कबुलीतही असावे.

आपल्याकडील आकडे याहून बोलके आहेत. २०१९ साली भारत सरकारने प्रथमच देशभर कालविनियोगाची पाहणी केली. घरच्या माणसांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवसातील वेळ सरासरी २९९ मिनिटे भरला आणि अशा पुरुषाचा ९७ मिनिटे. त्यातही असे काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या आणि पुरुष अवघे २६. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा स्त्रीची मिनिटे २८९ झाली होती आणि पुरुषाची ८८. पाच वर्षांत गॅसच्या जोडण्या, मिक्सर, तयार पिठे, घरपोच जेवण यांचा केवढा बोलबाला झाला. आणि तिची दहा मिनिटे वाचली. त्याची नऊ वाचली. वाचलेला वेळ जवळपास सारखा वाटला गेला, पण कामाची वाटणी होती तेथेच राहिली. तयार मसाल्याच्या पुडीला आणि एका कढईला या प्रश्नाचे उत्तर मागणे व्यर्थ आहे. पुडी वेळ वाचविते. तो कोणाच्या पदरात पडावा हे घराला ठरवावे लागते.

याचा अर्थ डब्यातले सगळेच गोड मानावे असा नाही. डबाबंद घेवडा, तयार सार आणि पिवळे मऊ चीज या तिन्हींत मिठाचे प्रमाण भलतेच असते. तिन्ही एकत्र आले की वरून मीठ घालणे हा रक्तदाबाला आमंत्रण देण्याचा प्रकार होतो. डब्यातील घेवडा धुऊन घेणे, साराऐवजी साधे पाणी वापरणे, चीज बेताने घालणे, एवढे पथ्य पाळले तर पदार्थ निर्धोक होतो. चवीचे एकसुरेपण हीदेखील खरी अडचण आहे. गेबहार्टच्या पुडीने प्रत्येक घराची मिरची एका वासाची केली, हे नाकारता येत नाही. पण हा दोष कढईचा नाही. ज्याने घरी मिरच्या भाजून कुटल्या त्याच्याही एकाच कढईतील जेवणाला निराळा वास येतो.

महागाईने मात्र या पदार्थाची परीक्षा सुरू केली आहे. २०२२ साली अमेरिकेत घरी आणून शिजविण्याच्या अन्नाचे भाव एका वर्षात ११.४ टक्क्यांनी चढले होते. मग २०२५ साली गोमांस कडाडले आणि टोमॅटोवर कर बसला. डब्यातले टोमॅटो मुख्यतः कॅलिफोर्नियाचे असल्यामुळे या कराची थेट झळ त्यांना कमी, ताज्या फळाला अधिक. म्हणजे जी गृहिणी डब्यावर भागवीत होती तिचा डबा तिला सांभाळून घेणार आणि ताजे आणणारीला खिशाला चाट बसणार. कर लावणाऱ्यांच्या मनात ताज्या अन्नाविषयी काही अढी होती असे नव्हे. परंतु राजधानीत घेतलेले निर्णय स्वयंपाकघरात पोहोचेपर्यंत असे उफराटे होतात. कढईत खिमा कमी होईल, घेवडा आणि मका वाढेल. गंमत अशी की त्यामुळे हे अन्न मेक्सिकोच्या जुन्या शेताच्या अधिक जवळ जाईल, कारण मका, घेवडा व भोपळा ही तेथील शेतीची हजारो वर्षांची त्रिमूर्ती. शुद्धतेच्या कैवाऱ्यांना जे ग्रंथ लिहून साधले नाही ते खाटकाचे भाव साधून देतील.

तेव्हा परदेशी असलेल्या नातवंडांनी या पदार्थाचे नाव सांगितले तर 'ही उसळ म्हणावी की शेवया?' असे विचारून त्यांना खजील करू नये. वरणफळांच्या देशातील माणसांना तो अधिकार नाही. विचारावयाचेच असेल तर दोन प्रश्न विचारावेत. कढई आज कोणी चढविली? आणि घासली कोणी? दोन्ही उत्तरांत एकच नाव येत असेल तर काळजी करावी, मग ते ताट पुरणाचे असो वा पास्त्याचे. आणि हे प्रश्न केवळ समुद्रापलीकडे धाडण्यासारखे नाहीत. अर्ध्या तासाची ही कृती इतकी सोपी आहे की कणीक मळता न येणाऱ्या, पोळी लाटण्याचे नाव काढताच बाहेरच्या खोलीत जाऊन वर्तमानपत्र उघडणाऱ्या पुरुषालाही ती पहिल्या प्रयत्नात जमावी. आपल्या घरांतील मुलग्यांना मुंजीच्या वयातच ती शिकवावयास हरकत नाही. राजमा आदल्या रात्री भिजत घालावा, सकाळी कुकरला लावावा, संध्याकाळी बाकीचे त्याने करावे. आणि जेवण झाल्यावर कढई त्यानेच घासून पालथी घालावी.